डाव्या हाताचं पिवळं पत्रक

अन्याय झाला तो ठाकुर्ली पूर्वेच्या कुंदामावशींवर. गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या सकाळी, पावणेसात वाजता, तुमच्या-आमच्या दारात पेपर पडले तेव्हा.

"नाव आणि वेळ," ज्यांनी मला पत्रक लिहायला शिकवलं ते म्हणायचे. "पत्रकात आधी एवढंच. कोणावर आणि केव्हा. राग मागून येतो, त्याला आमंत्रण लागत नाही."

बघा, पहिल्याच ओळीत मी त्यांचं ऐकलं. आणि अन्याय त्यांनीच केलाय. त्यांच्याविरुद्ध लिहायचं तरी त्यांच्याच पद्धतीने लिहावं लागतंय, कारण दुसरी मला येत नाही. सगळ्यात जास्त संताप मला याचाच येतो.

हा लेख कशासाठी, तेही आत्ताच सांगून टाकते. एका बाईला सिद्ध करायचंय की तिने आपली मेलेली सासू विकली नाही. त्यासाठी शेवटी मी तुमच्याकडे काहीतरी मागणार आहे. पैसे नाहीत, सही नाही. तोवर वाचा.

त्यांचं नाव इथे येणार नाही. घाबरते म्हणून नव्हे. "नाव छापलं की निम्मी प्रसिद्धी झाली, मग खाली शिव्या का असेनात," हेही त्यांचंच वाक्य. मी त्यांना फुकटची प्रसिद्धी देणार नाही. डोंबिवली-ठाकुर्लीत ज्यांनी छोटंसं दुकान काढलंय किंवा पदरमोड करून एखादं पुस्तक छापलंय, त्यांना नाव सांगायची गरजही नाही. काका म्हटलं की पुरतं.

बुटके, खांद्याला कापडी पिशवी, बुशशर्टच्या खिशात दोन पेन्सिली. ठाण्यातल्या एका छापखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासली. रिटायर झाल्यावर रोज सकाळी दहाला ठाकुर्लीहून चालत डोंबिवलीत यायचे आणि एका झेरॉक्सच्या दुकानात, मशीनच्या मागच्या स्टुलावर बसायचे. काम एकच. कमी खर्चात लोकांची प्रसिद्धी करून द्यायची, आणि तीही लिहून. होर्डिंग नाही, रील नाही. हाताएवढं पत्रक लिहायचं, शेजारच्या गल्लीतल्या छोट्या प्रेसमध्ये छापायचं आणि पेपरवाल्याला सांगून सकाळच्या पेपरात घालायचं. छपाईचा खर्च तुमचा, वर एक चहा. बस.

"काका, व्हॉट्सॲपवर टाकू ना, फुकट जातं," असं कोणी म्हटलं की चष्मा कपाळावर चढवायचे. "फोनवरचं लोक बोटाने ढकलतात रे. कागद निदान फडताळात घालायला तरी ठेवतात."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

माझी-त्यांची ओळख भांडणातून झाली. कोपरला आमच्या बिल्डिंगमागे पोरांचं खेळायचं मैदान आहे. तिथे कोणीतरी डेब्रिजच्या गाड्या रिकाम्या करायला लागलेलं. मी पत्रक लिहून झेरॉक्स काढायला गेलेले. वर मोठ्या अक्षरांत 'जाहीर निषेध!!!!' आणि खाली जनता, प्रशासन, झोपलेलं, जागं करा वगैरे. काउंटरपलीकडून एका म्हाताऱ्या माणसाने पेन्सिलीच्या मागच्या टोकाने माझा कागद स्वतःकडे ओढला आणि उलटा वाचला. छापखान्यात राहून त्यांना उलटं सरळपेक्षा लवकर वाचता यायचं.

"चार उद्गारचिन्हं," ते म्हणाले. "खरंच राग आला असता तर एक पुरलं असतं."

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. अन्याय कोणावर झालाय?"

"जनतेवर."

"बरं. ही जनता कोणत्या विंगमध्ये राहते?"

झेरॉक्सवाला फस्सकन हसला. मी कागद ओढून घेतला. मग रस्त्यावर जाऊन उभी राहिले आणि दोन मिनिटांनी परत आत आले, कारण सी विंगमधली एक मुलगी मला आठवली. त्यांनी पेन्सिल पुढे केली. नवं पत्रक असं झालं: 'शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सी विंगमधल्या सात वर्षांच्या मुलीच्या पायात काच गेली. ती काच मैदानात कोणी आणून टाकली, हे विचारायला उद्या सकाळी नऊला गेटपाशी या.' बस, एवढंच. एकही उद्गारचिन्ह नाही.

सकाळी नऊला गेटवर उभं राहायला जागा नव्हती. गाड्या बंद झाल्या. मी त्या दिवसापासून त्यांची शिष्या झाले.

त्यांची कामाची रीत अशी, की कोणालाही 'तुमच्या धंद्याबद्दल सांगा' असं ते म्हणायचे नाहीत. "माणूस स्वतःबद्दल सांगायला लागला की जाहिरात करतो," म्हणायचे. दुकानात जाऊन तासभर नुसते बसायचे. एक टेलर होता, नवीन कपडे शिवायचाच नाही, फक्त जुने सैल-घट्ट करून द्यायचा. काका त्याच्याकडे बसून आले आणि पत्रकात एकच ओळ लिहिली: 'तुम्ही बदललात, शर्ट तोच ठेवा.' टेलर नाराज. "काका, एवढंच? फोटो नाय, काय नाय?" मग लोक जुने शर्ट घेऊन यायला लागले तेव्हा त्याची नाराजी गेली.

लेखकांची रीत निराळी. आपल्याकडे रिटायर झालेला दर तिसरा माणूस पुस्तक काढतो आणि गठ्ठे पलंगाखाली सरकवतो. त्यातले काही काकांकडे यायचे. काका अख्खं पुस्तक वाचायचे, आठवडा लागला तरी. जे एक पान आवडेल तिथे पांढरा दोरा घालायचे. बँकेतल्या एका साहेबांनी जाडजूड आत्मचरित्र आणलं. आठ दिवसांनी काकांनी ते परत दिलं.

"पान एकशे बारा," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"तुमच्या वडिलांनी सायकल विकली, पण तिची घंटी काढून खिशात ठेवली, ते पान. तेवढं छापू."

"आणि बाकीची पानं?"

"ती हे एक पान यावं म्हणून लिहिलीत तुम्ही."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण पान एकशे बारा छापलं, खाली 'पुढे काय झालं ते यांच्याकडे मिळेल' म्हणून पत्ता, आणि ते कागद काकांनी डोंबिवलीतल्या दातांच्या डॉक्टरांकडे नेऊन ठेवले. "दातवाल्याकडे माणूस काहीही वाचतो," म्हणाले. दोन महिन्यांत साहेबांच्या पलंगाखाली केर काढता यायला लागला.

तुम्ही हसताय. मीही हसायचे. तेव्हा.

आता कुंदामावशी. ठाकुर्ली पूर्वेला त्यांचं पोळी-भाजी केंद्र. केंद्र म्हणजे तळमजल्यावरच्या घराची खिडकी, खिडकीला फळी, फळीवर डबे. पोळी अशी की मी कोपरहून तिथे जायचे. त्यांच्या समोरच्या रस्त्यावर एकामागून एक खाण्याची दुकानं निघाली आणि खिडकीपुढची रांग आखडत गेली. मी म्हटलं, मावशी, काकांना आणते.

काका आले, स्टुलावर बसले, तासभर पोळ्या बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही डावखुऱ्या."

मावशींनी पटकन पदराला हात पुसला, चोरी पकडल्यासारखा. "हो. का?"

"घडी उलटी पडते तुमची. अशी पोळी मी पाहिली नव्हती."

मावशींनी चहा दिला. काका तो प्यायले. शेवटी मीच म्हटलं, "सांगा की मावशी. काका आपलेच आहेत."

हे वाक्य माझं आहे. 'काका आपलेच आहेत.' मी ते लपवत नाही, दुसऱ्यावर ढकलतही नाही. या सगळ्यात माझा जो वाटा आहे तो एवढा.

मावशींनी सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "पण ठाकुर्लीच्या पुढे जाऊ देऊ नका हो. माझी नणंद कल्याणला असते. तिची आई होती ती. तिला वाटायला नको की वहिनी आईच्या नावावर पोळ्या विकते."

"नाही जाणार," काका म्हणाले. पेन्सिल खिशात ठेवून, हात जोडून म्हणाले. मी पाहिलंय.

पत्रक गेल्याच्या गेल्या वर्षी, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, फक्त ठाकुर्ली पूर्वेच्या पेपरांतून गेलं. पिवळ्या कागदावर काळी शाई, अर्ध्या फुलस्केपएवढं. मला ते तोंडपाठ आहे:

'ठाकुर्लीच्या कुंदाबाईंनी लग्नानंतर अकरा वर्षं पोळी केली नाही. त्या डावखुऱ्या. सासूबाई म्हणत, डाव्या हाताची पोळी देवाला चालत नाही. लाटायला दोन्ही हात लागतात, पण घडी एकच हात घालतो. मग एका गुरुवारी दुपारी बारा वाजता सासूबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. त्यांना डाव्या हाताने जेवायला शिकायचं होतं, आणि घरात ते शिकवणारं एकच माणूस होतं. पहिला घास स्वतःच्या हाताने घेतल्यावर सासूबाई म्हणाल्या, आता आपण दोघी एका हाताच्या. पुढे सहा वर्षं त्यांनी दुसऱ्या कोणाची पोळी खाल्ली नाही. ती पोळी अकरा ते दोन या वेळात मिळते.'

खाली कोपऱ्यात काकांनी स्वतः काढलेली पोळीची उलटी घडी.

त्या पत्रकाने मावशींची खिडकी वाचवली. लोक यायचे, पोळी उलटीसुलटी करून बघायचे. एक आजोबा आपल्या डावखुऱ्या नातीला घेऊन आले, "बघ, आजी पण तुझ्यासारखी." मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. अकरा वर्षं जो हात लपवला तो आता खिडकीतून सगळ्यांना दिसायचा.

एकदा मी काकांना विचारलं, "सगळ्यांचं लिहिता. तुमचं काय आहे त्या पिशवीत?" कारण पिशवीत कायम एक जाड बाड असायचं.

ते त्यांचं पुस्तक होतं. काका मूळचे ठाण्याच्या कोपरीचे. वडील खाडीकाठच्या मिठागरावर मुकादम. मीठ कसं पिकतं, पायाची कातडी कशी फुटते, रास कशी रचतात, हे सगळं त्यांनी वीस-पंचवीस वर्षं लिहिलेलं. कोणी छापायला घेतलं नव्हतं. "स्वतः छापा, मी पत्रक लिहिते," मी म्हटलं.

"छे गं. स्वतःच्या ताटात स्वतः वाढून घेत नाहीत."

मला ते थोर वाटलं. तेव्हा मला त्यांचं सगळंच थोर वाटायचं.

आता वसुबारस. पावणेसातला पेपर उचलला तर आतून चकचकीत चार रंगांचं पत्रक पडलं. ठाणे ते कल्याण शाखा असलेल्या एका तयार पोळ्यांच्या दुकानाचं. त्याचंही नाव घेत नाही, कारण तेच. वर मथळा: 'डाव्या हाताची पोळी – आमच्या आजीची कहाणी!' आणि खाली, अकरा वर्षं चुलीपाशी फिरकू न दिलेली सून, गुन्हा काय तर डावा हात! खाष्ट सासूचा ताठा नियतीने उतरवला! 'एका गुरुवारी दुपारी बारा वाजता!' जिला छळलं तिच्याच हातचं गिळायची वेळ आली!

मी पत्रकभर उद्गारचिन्हं मोजली. नऊ.

'आता आपण दोघी एका हाताच्या' हे वाक्य नव्हतं. तेवढंच काढलेलं. सहा वर्षंही नव्हती.

आजी त्यांच्याकडे कोणी नाही हो. मी जाऊन बघितलं. काचेमागे मशीन आहे. एका बाजूने कणकेचा गोळा पडतो, दुसऱ्या बाजूने पोळी. मशीनला ना उजवा हात, ना डावा.

आणि मग ते झालं जे फक्त आपल्या इथेच होऊ शकतं. सकाळी नऊपासून लोक पेढे घेऊन मावशींच्या खिडकीशी. "मावशी, अभिनंदन! केवढं मोठं दुकान काढलंत!" "ठाण्यालापण शाखा? बोलला नाहीत ते!" एक काकू तर रागावल्या, "उद्घाटनाला बोलवायचं तरी." गोष्ट सगळ्यांना माहीत होती, म्हणजे दुकान मावशींचंच असणार. मावशींना प्रेमाने शुभेच्छा देऊन लोक पोळ्या घ्यायला तिकडे जायला लागले. मावशींची म्हणूनच.

मावशी प्रत्येकाला सांगत होत्या, माझं नाही हो ते. लोक म्हणत होते, विनय बघा.

दुपारी कल्याणहून फोन आला. मी तिथेच होते. नणंदेचा आवाज फोनबाहेर येत होता.

"वहिनी, आईला किती ताठा होता ते छापलंस?"

"अहो वन्सं, मी नाही..."

"मग हे कोणाला माहीत होतं? गुरुवार, बारा वाजता? तू आणि मी होतो तिथे. तिसरं कोण होतं?"

नणंद म्हणाली, "आई शेवटी शेवटी तुझंच नाव घ्यायची. आणि तू तिला विकलीस." फोन ठेवला.

भाऊबीजेला नणंद दरवर्षी भावाला ओवाळायला ठाकुर्लीला येते. यंदा मावशींच्या यजमानांनी सकाळीच पाट मांडलेला. दुपारी तीन वाजता मावशींनी तो उचलून भिंतीला लावला.

मी काकांकडे गेले. झेरॉक्सच्या दुकानात नव्हते. घरी गेले. दार उघडंच होतं. आत टेबलावर मुद्रितांचा ढीग, मिठाच्या राशीचं चित्र असलेलं मुखपृष्ठ. एका नजरेत कळलं. छापणार कोण, तेही मुखपृष्ठामागे लिहिलेलं. पोळीवाल्या दुकानाचे मालक, 'साहित्यप्रेमी उद्योजक'.

"ये," ते म्हणाले. "बैस."

"बसायला नाही आले. तुम्हीच लिहिलंत ना?"

"मी लिहिलं."

"हात जोडलेले तुम्ही मावशींपुढे."

ते पेन्सिलीचं टोक बघत राहिले. "गोष्ट एकदा छापली की सगळ्यांची होते गं."

"मग मिठागराची गोष्ट छापताय तिच्यावर तुमचं नाव कशाला?"

त्यांनी ढिगातलं वरचं मुद्रित उलटं करून ठेवलं.

"सासूला खाष्ट कोणी केलं?"

"त्यांना खाष्ट हवी होती. म्हणाले, त्याशिवाय लोक वाचत नाहीत."

"आणि शेवटचं वाक्य? दोघी एका हाताच्या?"

म्हणाले, "त्यांना ते लांबलं असं वाटलं." आणि मग, हळू, "मीच काढलं. पेन्सिलीने."

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. मी भांडायची तयारी करून गेले होते. त्यांनी कबूलच करून टाकल्यावर माझ्या हातात काही उरलंच नाही.

"चला मावशींकडे," मी म्हटलं. "नणंदेला फोन करून सांगा, हे मी केलं."

"प्रकाशन होऊ दे. पंधरा दिवस राहिलेत. त्यांनी अंग काढून घेतलं तर..." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकच पुस्तक आहे गं माझं."

मावशींची पण एकच गोष्ट होती, काका. तेव्हा हे सुचलं नाही. जिना उतरल्यावर सुचलं. म्हणून इथे लिहिते.

प्रकाशनाला मी गेले. ठाण्यातला छोटा हॉल. माझ्या बॅगेत पन्नास पत्रकं होती, त्यांच्याच रीतीने लिहिलेली. नाव, वेळ, सगळं. हॉलमध्ये माणसं कमी आणि पोळीच्या दुकानाचे टी-शर्ट जास्त. कामगारांना हजर राहायला सांगितलेलं. मालक स्वतःच्या प्रवासावर बोलले, बराच वेळ. मग काकांना पाच मिनिटं मिळाली. त्यांनी भाषण केलं नाही. पुस्तक उघडलं, दोरा होता ते पान काढलं आणि वाचलं. त्यांचे वडील संध्याकाळी मिठागरावरून आल्यावर पाय धुवायच्या आधी आईला पाय दाखवायचे आणि आई वाकून भेगांतले खडे वेचायची, ते पान.

पान चांगलं होतं. काय करू? चांगलं होतं. टी-शर्टातली मुलंसुद्धा मोबाईल खाली ठेवून ऐकत होती.

मी पत्रकं वाटली नाहीत. घरी येऊन स्वतःलाच शिव्या दिल्या. पंधरा दिवस होऊन गेले, महिना गेला, त्यांनी नणंदेला फोन केला नाही. आज उद्या करतो, म्हणाले. मग संक्रांतीनंतर एक दिवस झेरॉक्सवाला म्हणाला, "काका मुलीकडे गेले. कायमचे. नागपूरला. तुमच्यासाठी एक वही ठेवलीये."

ती वही मला माहीत होती. त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक पत्रकाची एक प्रत खळीने त्यात चिकटवलेली असायची आणि खाली पेन्सिलीने कोणासाठी ते. मी उभ्या उभ्या पानं उलटली. टेलर. पान एकशे बारा. सी विंगमधली मुलगी. म्हटलं, सुटले. ही प्रत नेऊन नणंदेसमोर ठेवायची.

पुढच्या पानावर कागद नव्हता. खळीचा चौकोनी डाग, एका कोपऱ्यात नखाएवढा पिवळा तुकडा. पत्रक ओढून काढलेलं. खाली त्यांच्या अक्षरात तसंच: 'कुंदाबाईंचं.'

कागद फाडला आणि नाव ठेवलं. ही माफी होती की आणखी काय, हे मी शोधत बसणार नाही. फोन लावला तर उचलत नाहीत. झेरॉक्सच्या दुकानात स्टुलावर आता कागदाची रिमं रचलेली असतात.

तो पिवळा तुकडा घेऊन मी कल्याणला गेले. नणंदेने दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. मी पत्रक तोंडपाठ म्हणून दाखवलं, शब्दन् शब्द. 'एका हाताच्या' आलं तेव्हा त्यांचे डोळे भरले. पण मग म्हणाल्या, "तुम्ही पत्रकंच लिहिता ना? हेही तुम्हीच लिहिलं असेल. वहिनीने सांगितलं असेल, लिहून दे म्हणून." मी काय बोलणार? मी खरंच पत्रकं लिहिते. "छापलेलं दाखवा," म्हणाल्या. "पाडव्याच्या आधीचं. मग बघू."

पाडव्याच्या आधीचं माझ्याकडे नाही. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याचा मी फोटो काढते, त्या पत्रकाचा काढला नाही. मावशींनी सगळी वाटून टाकली. प्रेसवाला प्रेस विकून गावी गेला.

पण तुमच्याकडे आहे.

ठाकुर्ली पूर्वेला राहणाऱ्यांनो, तुमच्याशी बोलतेय. त्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी तुमच्या घरात साफसफाई चालू होती. सकाळी पेपरातून एक पिवळा कागद पडला. तुम्ही तो वाचलात, पेढे घेऊन गेलात म्हणजे वाचला होतातच. आणि मग तो टाकला नाहीत. आपण टाकत नाही. काकांनी मला शिकवलेलं एक तरी खोटं नव्हतं: कागद लोक फडताळात घालतात. डाळींच्या डब्यांखाली, देवघराच्या खणात, साड्यांच्या थराखाली, लोणच्याच्या बरणीखाली तेलाने पारदर्शक झालेला असेल. तेलकट असला तरी चालेल. निम्मा फाटलेला चालेल, फक्त 'एका हाताच्या'पासूनच्या शेवटच्या ओळी शाबूत हव्यात.

तो अकरा ते दोनच्या दरम्यान मावशींच्या खिडकीत आणून द्या. मावशी डाव्या हाताने घेतील. कल्याणला मी नेऊन देते.

पेपर बाजूला ठेवा. उठा. डबे उचला आणि खाली बघा.